पडद्यापासून किती दूर?

'मागे सरक, डोळे बिघडतील!' हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले नाही असे टीव्ही असलेले घर शोधून सापडायचे नाही. पण 'मागे म्हणजे नेमके किती?' असे त्या मुलाने विचारले, तर बहुतेकांजवळ उत्तर नसते. कोणी सहा फूट सांगतो, कोणी दहा. आता तर प्रश्न आणखी अवघड झाला आहे. पूर्वी घरात एकच पडदा असे. आज भिंतीवर टीव्ही, टेबलावर संगणक, हातात मोबाईल आणि वर्गात फळ्याशेजारी मोठा टीव्ही किंवा प्रोजेक्टर, असे चार तऱ्हेचे पडदे आपल्यासमोर आहेत. या सगळ्यांना सहा फुटांचे एकच माप लागू पडणार नाही, हे उघड आहे.

मग योग्य अंतर ठरते कशावरून? ते शोधताना तीन वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात. तपशील स्पष्ट दिसतो का? चित्र पुरेसे मोठे दिसते का? आणि ते पाहताना डोळ्याला किती काम पडते? हे तिन्ही प्रश्न फूटपट्टी, मोजपट्टी आणि थोडी भूमिती यांच्या साहाय्याने सोडवता येतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

सहा फुटांची जुनी गोष्ट

टीव्हीपासून लांब बसण्याच्या सल्ल्यामागे एक खरी घटना आहे. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही रंगीत टीव्ही संचांतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे उघडकीस आले. जुन्या संचात इलेक्ट्रॉनांना हजारो व्होल्टचा धक्का देऊन वेगवान केले जाई. असे इलेक्ट्रॉन धातूवर किंवा काचेवर आदळले की थोडे क्ष-किरण निर्माण होतात. नेहमीच्या संचात जाड काच ते अडवत असे. या संचांत एका नळीचे आवरण अपुरे पडले होते. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेने याबाबत कायदा केला आणि संच सुधारले गेले. आजच्या सपाट पडद्यांत अशी नळीच नसते, त्यामुळे क्ष-किरणांचा प्रश्नच उरलेला नाही. सल्ला मात्र टिकून राहिला.

तरीही सहा फुटांचा तो आकडा अगदीच निराधार नव्हता. त्याचे कारण मात्र किरणांत नव्हते, चित्राच्या रेषांत होते.

एका मिनिटाचा कोन

कोनाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर प्रत्येक भागाला मिनिट म्हणतात. दोन बारीक ठिपके डोळ्याशी एक मिनिटापेक्षा कमी कोन करत असतील, तर निरोगी डोळ्यालासुद्धा ते सहसा वेगळे दिसत नाहीत, एकच भासतात. नेदरलँड्समधील डॉक्टर हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली डोळे तपासण्याचा अक्षरांचा तक्ता तयार केला, तो याच मापावर. तक्त्यावरील '६/६' च्या ओळीतले अक्षर सहा मीटरवरून पाच मिनिटांचा कोन करते आणि त्याच्या रेघा एकेक मिनिटाच्या असतात.

हा प्रयोग वर्गात करून पाहावा. पांढऱ्या कागदावर एक मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा, मध्ये एकेक मिलिमीटर जागा सोडून, काळजीपूर्वक काढाव्यात. कागद उजेडात भिंतीवर लावावा आणि एकेका विद्यार्थ्याने मागे मागे जावे. एक मिलिमीटरची जागा सुमारे ३.४ मीटरवरून एक मिनिटाचा कोन करते. साधारण त्याच सुमारास रेघा एकमेकींत मिसळून करडा पट्टा दिसू लागेल. प्रत्येकाचे अंतर मोजून वहीत लिहावे. त्या आकड्यांचा पुढे उपयोग होणार आहे.

आता जुन्या टीव्हीकडे वळू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आपल्याकडील प्रक्षेपणाचे चित्र ६२५ आडव्या रेषांचे होते, त्यांपैकी सुमारे ५७५ रेषा प्रत्यक्ष पडद्यावर उमटत. एकेक रेष एका मिनिटाची दिसावी यासाठी चित्राच्या उंचीच्या सहापट दूर बसावे लागते. घरोघरी असलेल्या २० इंची संचाची उंची १२ इंच. त्याची सहापट म्हणजे ७२ इंच, म्हणजेच बरोबर सहा फूट! त्याहून जवळ गेले की रेषा दिसू लागत. त्याहून फार लांब गेले की तपशील हरवे.

आजच्या पडद्यावर रेषांऐवजी ठिपक्यांच्या ओळी असतात. १०८० ओळींच्या 'फुल एचडी' पडद्यासाठी हेच गणित केले तर अंतर येते उंचीच्या ३.२ पट. २१६० ओळींच्या 'फोर-के' पडद्यासाठी ते १.६ पट होते. ४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५३ सेंमी असते. तेव्हा पहिल्या प्रकारात १.७ मीटर आणि दुसऱ्या प्रकारात ८५ सेंमी. याचा एक व्यावहारिक अर्थ असा, की १.७ मीटरच्या पलीकडे बसणाऱ्याला या आकाराच्या दोन्ही पडद्यांत तपशिलाचा फरक जवळजवळ दिसणार नाही. शाळेसाठी टीव्ही घेताना ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मोठ्या वर्गात ठिपके वाढवून फायदा नसतो, पडद्याचा आकार वाढवून असतो.

चित्र केवढे दिसते?

टीव्हीचा आकार आपण इंचांत सांगतो, पण डोळ्याला इंच कळत नाहीत. त्याला कळतो कोन. हा कोन मोजण्याचे साधन प्रत्येकाजवळ असते. हात समोर ताठ धरून मूठ वळली, तर मुठीची रुंदी डोळ्याशी सुमारे दहा अंशांचा कोन करते आणि करंगळीची रुंदी सुमारे एक अंशाचा. लहान मुलाची मूठ लहान असली तरी हातही आखूड असतो, म्हणून हे माप मुलांनाही बरेचसे लागू पडते.

या कोनाचा मनावर होणारा परिणाम जपानमध्ये फार बारकाईने अभ्यासला गेला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तेथील एनएचके या प्रसारण संस्थेच्या संशोधकांनी भविष्यकाळातील टीव्ही कसा असावा, याचा विचार सुरू केला. त्यांनी प्रेक्षकांना कमीअधिक रुंदीची तिरपी दृश्ये दाखवली. चित्र लहान असताना प्रेक्षक स्थिर राहिले. पण चित्राची रुंदी २० अंशांच्या पुढे जाऊ लागली, तशी त्यांची उभ्या-आडव्याची जाणीवही चित्राबरोबर कलू लागली. आपण चित्राकडे बाहेरून पाहत नसून त्या दृश्यात आहोत, असे मेंदू धरून चालला होता. अशा अभ्यासांतून रुंद पडदा, जास्त रेषा आणि उंचीच्या तिप्पट अंतर, म्हणजे साधारण ३० अंशांचे चित्र, हे माप पुढे आले. जुना २० इंची टीव्ही सहा फुटांवरून जेमतेम १३ अंशांचा दिसे.

अमेरिकेत बायरन रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने दिसली. तीच दृश्ये २, १३ आणि ५६ इंची पडद्यांवर दाखवून प्रेक्षकांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले. लक्ष एकवटले की ठोके किंचित मंदावतात. मोठ्या पडद्यापुढे ते जास्त मंदावले. म्हणजे चित्रात रमणे हा केवळ गोष्टीच्या गोडीचा भाग नाही. चित्राने डोळ्यासमोरचा किती भाग व्यापला आहे, यावरही ते अवलंबून असते.

येथे एक शंका निघेल. मग मोबाईलचा एवढासा पडदा मुलांना इतका खिळवून कसा ठेवतो? भूमितीला विचारून पाहू. आडव्या धरलेल्या मोबाईलवर चित्राची रुंदी १४ सेंमी धरली आणि तो डोळ्यांपासून ३० सेंमीवर असला, तर कोन येतो २६ अंश. ४३ इंची टीव्ही ९५ सेंमी रुंद असतो. तो दोन मीटरवरून पाहिला तरी कोन जवळपास तेवढाच! तळहातावरचा पडदा आणि भिंतीवरचा टीव्ही डोळ्याला सारखेच मोठे दिसतात. मग दोहोंत फरक काहीच नाही का? फरक आहे, आणि तो मोठा आहे. तो चित्रात नसून डोळ्याच्या कामात आहे.

डोळ्याला पडणारे काम

दहावीच्या पुस्तकात आपण डोळ्याची समायोजन शक्ती शिकवतो. दूरचे पाहताना डोळ्यातील भिंग चपटे असते. जवळचे पाहताना सिलिअरी स्नायू आकुंचन पावतात, भिंग फुगते आणि प्रतिमा दृष्टिपटलावर स्पष्ट पडते. हे जादा काम डायॉप्टरमध्ये मोजता येते, आणि त्याचे सूत्र अगदी सोपे आहे. १ ला मीटरमधील अंतराने भागायचे.

सहा मीटरवरची वस्तू पाहण्यास सुमारे ०.१७ डायॉप्टर लागतात, म्हणजे जवळजवळ विश्रांतीच. दोन मीटरवरच्या टीव्हीसाठी ०.५. पन्नास सेंमीवरच्या संगणकासाठी २. तीस सेंमीवरच्या मोबाईलसाठी ३.३. आणि पांघरुणात शिरून वीस सेंमीवर धरलेल्या मोबाईलसाठी ५. वर सारख्याच मोठ्या दिसणाऱ्या दोन पडद्यांचे उदाहरण घेतले होते. त्यांत मोबाईल पाहताना डोळ्याला टीव्हीच्या सहापटींहून अधिक काम पडते.

हे गणित नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. टीव्हीपुढे बसलेले मूल तीन मीटरवरून दोन मीटरवर आले, तर काम ०.३३ वरून ०.५ होते. हा फरक नगण्य आहे. पण हातातला मोबाईल तीसऐवजी वीस सेंमीवर आला, म्हणजे फक्त चार बोटे जवळ आला, तर १.७ डायॉप्टरची भर पडते. आपण फुटांवरून मुलांना रागावतो आणि खरा हिशोब मात्र बोटांचा असतो.

समायोजनाबरोबर दोन्ही डोळे आतल्या बाजूला वळवावेही लागतात. बाहुल्यांमधील अंतर सहा सेंमी धरले, तर तीन मीटरवर पाहताना दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिरेषांमध्ये सुमारे एक अंशाचा कोन असतो. वीस सेंमीवर तो सतरा अंश होतो. डोळे असे वळवून धरणाऱ्या स्नायूंनाही तासन्‌तास सुटका मिळत नाही.

तिसरी गोष्ट पापण्यांची. जपानमधील डॉक्टरांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत माणसे निवांत असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकापुढे फक्त ७ वेळा पापण्या मिटत होती. पापणी मिटली की अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर पसरतो. ती मिटली नाही तर डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, लाल होतो. पडदा डोळ्यांच्या वर टांगलेला असेल तर डोळे जास्त उघडावे लागतात आणि कोरडेपणा वाढतो. म्हणून संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. वर्गातला टीव्ही मागच्यांना दिसण्यासाठी वर लावावा लागतो हे खरे, पण छताला भिडवायचे कारण नाही.

हे सारे ताण तात्पुरते असतात. डोळ्यांना विश्रांती मिळाली की ते निवळतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, असा एक सोपा नियम सांगितला जातो. त्यातील वीस फूट म्हणजे सहा मीटर, आणि तेथे काम केवळ ०.१७ डायॉप्टर उरते, हे आपण वर पाहिलेच. खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहिले तरी हेतू साधतो.

मूल तक्रार का करत नाही?

पुस्तकात सुस्पष्ट दृष्टीचे लघुत्तम अंतर २५ सेंमी दिलेले असते. वयाप्रमाणे ते पुष्कळ बदलते. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात बारा ते पंधरा डायॉप्टरची समायोजन शक्ती असते, त्यामुळे नाकापासून सात-आठ सेंमीवरचेही त्याला स्पष्ट दिसते. पंचेचाळिशीच्या सुमारास ही शक्ती चार-पाचवर येते. तीस सेंमीवरचे वाचायला ३.३ डायॉप्टर लागतात, म्हणजे जवळजवळ सगळी पुंजी खर्ची पडते. मग हात लांब करून वर्तमानपत्र वाचायची वेळ येते आणि चाळशी लागते. चष्म्याच्या या नावातच वय आहे!

म्हणून डोळे दुखण्यावरून मुलाच्या सवयीचा अंदाज करणे चुकीचे ठरते. ज्या अंतराने शिक्षकाचे डोके दुखेल, ते अंतर मुलाला जाणवतही नाही. पण जाणवले नाही म्हणजे परिणाम झाला नाही, असे नव्हे. सतत जवळचे पाहणे आणि निकटदृष्टिता यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. उलट, मोकळ्या उजेडात घालवलेला वेळ डोळ्यांचे रक्षण करतो, असाही पुरावा मिळाला आहे. चीनमधील ग्वांगचौ शहरात काही शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली, तर इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. खेळाचा तास कापून पडद्यावरचा पाठ दाखवू नये, याला एवढे कारण पुरेसे आहे.

आता टीव्हीला चिकटून बसणाऱ्या मुलाकडे पुन्हा पाहू. ते दोन कारणांनी पुढे सरकू शकते. एक, त्याला मोठे चित्र हवे असते. दोन, त्याला मागून दिसतच नाही! उणे १ नंबरच्या डोळ्याला एक मीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते, उणे २ च्या डोळ्याला अर्ध्या मीटरपर्यंतचे. १ ला नंबराने भागले की हे अंतर मिळते. असे मूल पुढे बसल्यामुळे डोळे बिघडलेले नसतात. डोळ्यांना लांबचे दिसत नाही म्हणून ते पुढे बसलेले असते. त्याला मागे सारणे म्हणजे एकमेव उपाय काढून घेणे होय. रेघांच्या कागदाचा प्रयोग येथे कामी येतो. ज्याच्या रेघा इतरांपेक्षा फारच लवकर मिसळल्या, किंवा एकेक डोळा झाकून पाहिल्यावर दोन डोळ्यांत मोठा फरक आला, त्याला नेत्रतपासणीस पाठवावे. हा प्रयोग तपासणीची जागा घेऊ शकत नाही, पण कोणाला आधी पाठवायचे ते सांगू शकतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात, त्यांच्यापुढेही ही यादी ठेवता येईल.

शेवटच्या बाकावरून

घरात प्रश्न फार जवळ बसण्याचा, तर वर्गात नेमका उलटा. ४३ इंची टीव्ही फळ्याशेजारी लावला आहे आणि शेवटचा बाक सात मीटरवर आहे, असे समजू. तेथून पडद्याची रुंदी आठ अंशांपेक्षा कमी भरते. मागच्या मुलाने एक डोळा मिटून हात ताठ धरला, तर अख्खा टीव्ही त्याच्या मुठीमागे लपेल! दृश्यात रमण्यासाठी वीस-तीस अंश लागतात आणि त्याच्या वाट्याला आठही येत नाहीत. शेजारच्याशी बोलण्याचा मोह त्याला पहिल्या बाकावरच्या मुलापेक्षा जास्त झाला तर नवल नाही.

अक्षरांचे गणित याहून कठोर आहे. स्नेलेनच्या मापाने सात मीटरवरून जेमतेम ओळखू येणारे अक्षर दहा मिलिमीटर उंच हवे. आता पडद्यावर पाठ्यपुस्तकाचे अख्खे पान दाखवले, पान २५ सेंमी उंच आणि अक्षर ३ मिलिमीटरचे धरले, तर पडद्यावर ते अक्षर साडेसहा मिलिमीटरचेही होत नाही. साडेचार मीटरच्या पलीकडे चांगल्या डोळ्यांच्या मुलालाही ते वाचता येणार नाही. म्हणजे निम्म्या वर्गाला टीव्ही दिसतो, पण त्यावरचा मजकूर दिसत नाही.

जेमतेम ओळखता येणे आणि सहज वाचता येणे यांतही अंतर आहे. सहज वाचनासाठी अक्षराची उंची अंतराच्या दोनशेव्या भागाएवढी असावी. सात मीटरसाठी ३५ मिलिमीटर. ही उंची मात्रा-उकार सोडून मोजावी. देवनागरीत 'द्ध' आणि 'ध्द', 'घ' आणि 'ध' यांतला फरक बारीक असतो, तेव्हा माप आणखी थोडे सैल ठेवलेले बरे. वेलांट्या-उकारांसाठी तेवढीच जागा धरली, तर ५३ सेंमी उंचीच्या पडद्यावर सातच ओळी मावतात. यापेक्षा जास्त मजकूर असेल तर तो फळ्यावर लिहावा. खडूने काढलेले पाच सेंमीचे ठसठशीत अक्षर अजूनही बहुतेक टीव्हींना मागे टाकते. पडदा राखून ठेवावा तो जे फळ्यावर काढता येत नाही त्यासाठी: धडधडणारे हृदय, फुटणारा ज्वालामुखी, उमलणारे फूल. आणि त्या वेळी मागच्या दोन रांगा पुढे मोकळ्या जागेत, खाली सतरंजीवर बोलावाव्यात. दोन-अडीच मीटरवर आलेल्या मुलांना तोच टीव्ही अडीच-तीनपट मोठा दिसतो आणि डोळ्यांवरचा भार अर्ध्या डायॉप्टरच्या पुढे जात नाही.

थोडक्यात सांगायचे तर हातातला पडदा लांब न्यावा, वर्गातला पडदा जवळ आणावा. शाळेत नवा टीव्ही आला, की भिंतीला भोक पाडण्यापूर्वी शेवटच्या बाकापर्यंत मोजपट्टी धरावी, अंतराला दोनशेने भागावे आणि तेवढे अक्षर कागदावर काढून त्या भिंतीवर चिकटवावे. मग शेवटच्या बाकावर जाऊन स्वतः बसावे. तेथे रोज बसणाऱ्याला काय दिसते, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.